ढोरांच्या दवाखान्यातली वाकडी सुई

शिंप्याला हत्यारं काय लागतात असं कुणी विचारलं, तर तो कात्री, टेप, सुई, अंगुस्तान आणि इस्त्री एवढी नावं घेऊन गप्प बसतो. मीही तसंच सांगायचो. पण आता डोळ्यांनी सुईत दोरा ओवला जात नाही, मशीन झाकून ठेवली आहे, म्हणून खरं सांगायला हरकत नाही. शिंप्याची खरी हत्यारं मशीनच्या खणात असतात आणि त्यातली बरीचशी दुसऱ्याच्या धंद्यातून उचललेली असतात.

माझ्या खणात न्हाव्यानं टाकून दिलेला वस्तरा होता. उसवायला त्याच्यासारखी वस्तू नाही. कात्रीनं उसवलं की कापडाला चावे पडतात, वस्तरा नुसता टेकवला की टाका सुटतो. सोनाराचा चिमटा होता, मशीनमध्ये अडकलेला दोरा ओढायला. सुताराची दोरी होती. ती गेरूत बुडवून दोन टोकांना ताणायची आणि मधे चुटकीनं सोडायची, की मंडपाच्या कापडावर वीस हात सरळ रेघ उमटते. शाळेतल्या गुरुजींचा लाकडी गुण्या होता, कॉलरची टोकं काढायला. गुरुजींनी तो मागायला यावं आणि मी "उद्या देतो, गुरुजी" म्हणावं, असं तीन वर्षं चाललं. मग त्यांची बदली झाली. जाताना म्हणाले, "गुण्या सांभाळा, पोरांपेक्षा तुमच्याकडं त्याचा जास्त अभ्यास झाला."

पण आज सांगायचं आहे ते वाकड्या सुईबद्दल. ही सुई जनावरांच्या दवाखान्यातली. ती माझ्याकडे कशी आली हे मी माझ्या बायकोला दोन वर्षं सांगितलं नव्हतं.

गोष्ट केनवडची. पन्नास सालानंतरची, तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि सासऱ्याच्या ओळखीनं मला गावच्या पाटलांनी त्यांच्या बैठकीचा बाहेरचा ओटा मशीन मांडायला दिला होता. ओटा म्हणजे काय चीज होती हे आता कळायचं नाही. ज्याला ओटा नाही तो शिंपी मशीन डोक्यावर घेऊन बाजाराच्या दिवशी एका गावाहून दुसऱ्या गावाला हिंडायचा, आमच्याकडचं मालेगाव झालं की रिसोड. मी ते दोन वर्षं केलं होतं. माझ्या मानेचा मणी अजून त्याची आठवण काढतो. पाटलांनी ओटा देताना एकच सांगितलं होतं, "माह्या घरच्या कामात खोट निंघाली, का मशीन उचलाची. बस."

आता पाटलांच्या घरच्या कामाची पद्धत ऐका. मोठ्या घरच्या बायकांच्या अंगाला शिंप्यानं टेप लावायची रीत त्या वेळी नव्हती. मापाला जुनं पोलकं यायचं, नाहीतर दोरा यायचा. घरातलीच कुणी बाई छातीला, कमरेला, दंडाला दोरा गुंडाळायची, तेवढाच तोडायची आणि गड्याच्या हाती धाडायची. मी तो टेपावर ठेवून इंच मोजायचो. लांब दोरा छातीचा, त्याहून आखूड कमरेचा, सगळ्यात आखूड दंडाचा. दोरा कुणाचा आहे हे मात्र दोरा सांगत नाही. त्यासाठी मी एक युक्ती काढली होती आणि तिच्यावर मी फार खूश होतो. बायकांची बोटं स्वयंपाकातली, त्यांना हळद लागलेली. दोरा पिवळा दिसला की बाईमाणसाचा, मळका किंवा पांढरा दिसला की इतर कशाचाही. तोवर या युक्तीनं माझं काही बिघडवलं नव्हतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पाटलांच्या कानावर खबर आली, की खालच्या वेटाळातल्या देशमुखांनी आपल्या बैलाला अकोल्याहून मखमलीची झूल आणली. पाटील बैठकीतून उठून थेट माझ्यापुढं आले.

"टेलर, आपल्या हरण्याले मखमलीच्या खोळी पाह्यजे."

"कशाच्या खोळी, पाटील?"

"शिंगाच्या. देशमुखानं पाठ झाकली, आपुन शिंगं झाकू. उद्या तोरनापाशी हरण्या उभा राह्यला का लोकायनं वरतंच पाह्यलं पाह्यजे."

हरण्या म्हणजे पाटलांचा मानाचा बैल. आखरावर, म्हणजे गावाबाहेर ढोरं जमतात त्या मोकळ्या जागी, आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, सगळ्या गावचे बैल त्याच्यामागं रांगेत उभे करायचे, आणि पहिला हरण्या तोरणाखालून गेला की तोरण तोडून बाकीच्यांनी जायचं, ही रीत. त्याची शिंगं दोन हात लांब, खालून जाड आणि वर निमुळती. परक्या माणसाला तो शिंगाला हात लावू देत नसे. माप घ्यायला गेलो असतो तर माझंच माप निघालं असतं.

म्हणून माप आणायला पाटलांचा सालदार किसन गेला. किसन हा वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी, पन्नाशीतला, कमी बोलणारा. हरण्याला वासरू असल्यापासून त्यानंच वाढवलेलं. दुपारी तो आला आणि त्यानं एक चिंधी माझ्यापुढं सोडली. त्यात चार-पाच दोरे होते.

"यात बाईचे बी दोरे हायेत," किसन म्हणाला. "उद्याच्या पूजेले पोलकं पाह्यजे म्हनते. बाईनं सांगतलं, आखूड दोन दोऱ्यायत गाठीवाला बाईचा हाये, बिनगाठीचा हरण्याचा."

मी मशीन चालवत होतो, तोंडात दोन सुया होत्या. "हूं," म्हणालो. ऐकलं मी, पण मनावर घेतलं नाही. माझी हळदीची युक्ती असताना गाठी कोण पाहतो?

झालं असं, की पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. किसननं हरण्याचे खांदे चोळता चोळता त्याच हातांनी शिंगाला दोरा गुंडाळला. तो दोरा पिवळाधमक झाला. उलट पाटलीणबाईंनी त्या दिवशी नवीन रीळ फोडलं, हात धुऊन, पुसून माप घेतलं. तो दोरा पांढराशुभ्र, एका टोकाला गाठ मारलेला. मी पिवळा उचलला, पोलक्याच्या कापडावर ठेवला. पांढरा उचलला, मखमलीवर ठेवला.

तुम्ही म्हणाल, इंच पाहून कळलं नाही काय? पिवळा भरला दहा इंच, पांढरा तेरा. दहा इंचांचा दंड बाईमाणसाचा असू शकतो. मला एवढंच वाटलं, की पाटलीणबाई श्रावणाच्या उपासांनी जरा वाळल्या. आणि तेरा इंचांचं शिंग? हरण्याची कीर्ती पाहता मला तेही कमीच वाटलं. माणसाचं एकदा ठरलं की आकडेसुद्धा त्याच्याच बाजूनं बोलतात.

पोळ्याच्या सकाळी पोलकं आत धाडलं. दुपारपर्यंत खोळी तयार झाल्या. लाल मखमल, कडेला पिवळी झालर, टोकाला गोंडा. मी स्वतःच्या कामावर इतका खूश होतो, की बायकोलाही दाखवायला घेऊन गेलो. ती म्हणाली, "माह्या लुगड्यालेही अशी झालर नाही."

दारापुढं पूजा झाली तेव्हा मी तिथंच उभा होतो. पाटलीणबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. ताट धरलेले दोन्ही हात पुढं ताठ, कोपरात वाकतच नव्हते. हरण्याच्या कपाळाला कुंकू लावताना त्या सगळ्याच्या सगळ्या पुढं झुकल्या आणि लावून तशाच मागं गेल्या. मला वाटलं, नवी पूजेची पद्धत असेल. मग त्यांनी आरती जरा वर उचलली, आणि पदराआड टर्रर असा आवाज झाला. बाईंनी पदर घट्ट लपेटला आणि माझ्याकडं एकदा पाहिलं. तेव्हाही मला काही कळलं नाही. मी आपला नमस्कार केला.

खोळी शिंगांवर चढवल्या तेव्हा त्या ढिल्या आहेत हे किसनला कळलं होतं. त्यानं शिंगदोरीनं बांधल्या आणि वरात आखराकडं निघाली. पुढं डफडी, मागं हरण्या, त्यामागं गावचे दीडदोनशे बैल. तोरण दहा पावलांवर राहिलं असेल, तोच डफडीवाल्यानं जोर केला आणि हरण्यानं मान झटकली. शिंगदोरी सैल पडली. शिंग खाली जाड असतं म्हणून खोळ तिथं अडायला हवी, पण ही तेरा इंचांची, ती कशाला अडते! डावी खोळ सर्रकन घसरली आणि हरण्याच्या डाव्या कानासकट डोळ्यावर बसली. मग उजवीही.

हरण्या दगडासारखा उभा राहिला. एक पाय पुढं टाकीना. मागचे बैल एकमेकांच्या अंगावर आले, कुणाची झूल कुणाच्या शिंगात गुंतली. डफडी थांबली.

"खोळी काढा," मी म्हणालो.

"काहाची काढा?" गावचे म्हातारे ओरडले. पूजा लागल्यावर तोरण तुटेपर्यंत अंगावरचा साज उतरवायचा नाही, अशी तिथली रीत. उतरवला तर त्या बैलाचा मान गेला, मागचा बैल पुढं येणार. आणि मागं होते देशमुख. ते फार सभ्यपणे म्हणाले, "पाटील, तुमच्या बैलाले दिसून नाही राह्यलं वाटते. आमचा जाऊ का पुढं?"

पाटलांनी माझ्याकडं पाहिलं.  मला माझी मशीन डोक्यावर चढलेली दिसली आणि मानेतला मणी तिथंच दुखायला लागला.

मी टोपीत खोचलेली सुई काढली आणि खोळ वर ओढून शिंगावर चिमटीत धरली. ढिल्या कापडाची चूण धरून तिथंच टाके घालायचे, एवढंच काम. पण आता ऐका, शिवणाऱ्याची सगळी विद्या कुठं अडते ते. सुई कापडात शिरते, पलीकडून निघते आणि वळून परत येते. तिला पलीकडे वळायला जागा लागते. इथं पलीकडे शिंग. सुई शिरली की शिंगावर आपटायची. एक मोडली. दुसरी माझ्या अंगठ्यात गेली.

"हटो टेलर, हे तुह्या बसचं काम नाही," मागून आवाज आला.

लतीफभाई होते, रिसोडच्या जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर. पोळ्याच्या दिवशी लोक प्रेमानं बैलांना पुरणपोळ्या चारतात आणि बैलांची पोटं फुगतात, म्हणून ते दरवर्षी त्या दिवशी सायकलला पिशवी लावून गावोगाव फिरायचे. पिशवीतून त्यांनी एक सुई काढली. अर्धवट वाकलेली, चंद्रकोरीसारखी, आणि ती धरायला पकड.

"फाटलेलं चामडं शिवतो मी यानं," ते म्हणाले. "चामड्याच्या मागं हाडच राहते. सुई वरूनच शिरते, वरूनच निंघते. घे."

"मी?"

"मंग काय मी? मले झालर लावता येते काय? मी बैल धरतो, तू टाके घाल."

किसननं हरण्याची मान कवटाळली आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायला लागला. लतीफभाईंनी वेसण धरली. मी पकडीत सुई धरून पहिला टाका घातला. सुई मखमलीत शिरली, शिंगाला घासून वळली आणि दोन बोटांवर पुन्हा वर आली. खोटं सांगत नाही, मला त्या क्षणी माझ्या लग्नापेक्षा जास्त आनंद झाला. पुढचा टाका मी आमच्या सवयीनं ओढत नेणार, तर लतीफभाईंनी हात धरला.

"हर टाक्याले अलग गाठ. एक तुटला तर बाकीचे राह्यले पाह्यजे. जनावर स्वस्थ बसून राहते काय?"

एकेका शिंगाला पाच टाके पडले. सगळं झाल्यावर लतीफभाईंनी पिशवीतून बाटली काढली आणि बोळ्यानं माझ्या दहाही टाक्यांना टिंक्चर लावलं. लाल मखमलीवर तपकिरी ठिपके पडले.

"हे काहून?" पाटलांनी विचारलं.

"सवय हाये, पाटील," ते म्हणाले. सुई त्या गडबडीत माझ्या टोपीतच खोचलेली राहिली; त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही.

हरण्याला दिसायला लागलं. त्यानं एकदा देशमुखांच्या बैलाकडं वळून पाहिलं आणि तोरणाखालून गेला. गर्दी ओरडली, डफडी वाजली, पाटलांचा मान राहिला.

पण माझा राहायचा होता. तोरण तुटल्यावर पाटील माझ्याकडं आले आणि सगळ्या गावासमोर विचारलं, "खोट कोनाची?"

इथं मी जे केलं ते बायकोला दोन वर्षं सांगितलं नाही, आणि आजवर कुठं लिहिलं नाही. मी म्हणालो, "माप किसननं आणलं होतं, पाटील."

शब्द खोटा एकही नव्हता. माप त्यानंच आणलं होतं. पाटील किसनवर फिरले. चार माणसांत त्याला वाटेल ते बोलले, आणि शेवटी म्हणाले, "पाडव्याले तुहा साल सरते ना? मंग दुसरं घर पाहून ठेव." किसन हरण्याचा कासरा धरून खाली पाहत उभा राहिला.  मी टाके मोजत असल्यासारखं केलं.

बैल घरी परतले, जेवले. मग आतून मला बोलावणं आलं. माजघराच्या दाराशी पाटलीणबाई उभ्या होत्या, पदर अजून घट्ट. हातात उसवलेली बाही. त्यांनी ती माझ्यापुढं टाकली.

"मोज."

मी मोजली. दहा इंच.

"आता हरण्याची खोळ मोज."

ती मोजायची गरज नव्हती. मी टेप गुंडाळला.

"म्या गाठ मारून धाडली होती," बाई म्हणाल्या. "किसननं सांगतलं होतं का नाही तुले?"

"सांगितलं होतं."

"मंग त्याचा साल तोडून राह्यले ते, अन् तू ओट्यावर बसून राह्यला? मालकाले मी सांगू, का तू सांगतं?"

मी बैठकीत गेलो. पाटील तक्क्याला टेकून सुपारी कातरत होते. मी म्हणालो, "पाटील, किसनची चूक नाही. दोऱ्यांची अदलाबदल माझ्याकडून झाली."

"कोनत्या दोऱ्याची?"

"हरण्याच्या शिंगाचा दोरा होता दहा इंचांचा... आणि दुसरा एक होता, तेराचा."

"दुसरा कोनाचा?"

आता हे कसं सांगायचं? मी छताकडं पाहिलं, सुपारीकडं पाहिलं. शेवटी दाराआडून आवाज आला, "माह्या दंडाचा."

पाटलांचा अडकित्ता थांबला. त्यांनी मनाशी हिशेब केला, तो मला त्यांच्या मिशीवर दिसत होता. शिंग दहा, दंड तेरा. मिशी थरथरायला लागली.

"म्हंजे आपल्या हरण्याच्या शिंगापक्षा..."

"पुढं बोलू नका," दाराआडून आलं.

पाटील पुढं बोलले नाहीत. त्यांनी तोंडात सुपारी टाकली आणि खोकल्यासारखं बराच वेळ काहीतरी केलं. डोळे पुसून मग माझ्याकडं वळले, चेहरा पुन्हा दगडी केला. "बोली काय झाली होती, टेलर? खोट निंघाली का मशीन उचलाची."

"हो, पाटील." मी उठलो. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

"ओटा राहू द्या त्याचा," बाई आतून म्हणाल्या. "बाह्या कोन वाढवून देईन मले? अन् किसनले त्यानंच जाऊन सांगावं, आपल्या तोंडानं, का साल कायम हाये." पाटलांनी मान डोलावली.

गोठ्यात किसन हरण्याच्या शिंगावरून खोळी उतरवत होता. माझेच टाके तो विळ्याच्या टोकानं एकेक करून कापत होता, प्रत्येकाची गाठ वेगळी असल्यानं वेळ लागत होता. मी त्याला सगळं सांगितलं. दोरा पिवळा होता, मी गाठ पाहिली नाही, आणि चौघांत नाव मात्र त्याचं घेतलं. पाटलांनी साल कायम ठेवलं हेही सांगितलं.

किसन हसला. "मले तवाच मालूम झालं होतं, टेलर."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून काय करू? पाटील मले दरसाली हाकलते, पाडवा झाला का परत बोलावते. तुले एकडाव हाकललं असतं तर तुही मशीन गेली असती डोक्यावर. नवं लगन तुहं."

मी खाली बसलो. इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही. म्हणालो, "किसनभाऊ, तुमच्यासाठी एक बंडी शिवतो. या उरलेल्या मखमलीची."

"मखमलीची नोको बापा. हरण्या हासीन." मग म्हणाला, "साधी शीव. पन खिसा लाव तिले. अतापावतर माह्या बंडीले कोनं खिसा नाही लावला."

खरंच होतं. गड्याच्या बंडीला खिसा लावायची पद्धत नव्हती, मीही कधी लावला नव्हता. कुणी विचारलंच नाही. "काय ठेवणार खिशात?" मी विचारलं.

किसननं शेवटचा टाका कापला. "ठेवाले काही असलंच पाह्यजे काय? हात ठेवीन."

दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा होता. किसन नवी बंडी घालून आखरावर आला. मी दोन खिसे लावले होते. तो दोन्ही हात खिशात घालून लिंबाखाली उभा राहिला, आणि पाटलांनी बैठकीतून दोनदा हाक मारली तरी त्यानं ते बाहेर काढले नाहीत.